ओळखीसाठी चित्रं काढायला लावताय? आधी खेळांचा क्रम नीट लावा

निवासी शिबिर, प्रशिक्षण, बचत गटांची एकत्र बैठक, कॉलेजचा नवा वर्ग, कुठेही पहिल्या तासाला चित्रांचे खेळ घ्यायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पण बहुतेक ठिकाणी ते उलट्या क्रमाने घेतले जातात. माणसं बसली की कागद वाटले जातात, ‘स्वतःचं चित्र काढा आणि त्यावरून ओळख करून द्या’ असं सांगितलं जातं आणि वीस मिनिटांनी एकेकाला पुढे बोलावलं जातं.

मीही एका शिक्षक प्रशिक्षणात असंच केलं होतं. पुढच्या ओळीत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेले एक शिक्षक होते. पाच मिनिटांत त्यांनी छायाप्रकाशासकट स्वतःचा चेहरा उतरवला. शेजारच्या बाईंनी तो पाहिला आणि आपला कागद हळूच पालथा घातला. मग त्यांच्या शेजारणीने. दहा मिनिटांनी मी पाहिलं तर निम्मे कागद पालथे होते आणि बाकीच्यांवर एकच चित्र: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर घर. शाळेत हेच एक चित्र हाताला बसलेलं असतं, घाबरलेला हात तिथेच जातो. त्या तासात कोणाची कोणाशी ओळख झाली नाही.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळते. पहिलं चित्र असं, जे कोणालाच चांगलं काढता येणार नाही. पुढचं असं, जे एकट्याचं नसेल. स्वतःबद्दलचं चित्र सगळ्यात शेवटी. खालची मांडणी 24 जणांसाठी आणि साधारण 55 मिनिटांसाठी आहे. सोबत एक सहकारी हवा.

## आदल्या दिवशीची तयारी

पेन. सगळ्यांना एकाच रंगाचं, एकाच जाडीचं काळं स्केचपेन. 24 जणांसाठी 30 घ्या आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येक पेन कागदावर ओढून बघा. टोपण सैल राहिलेली दोन-चार सुकलेली निघतातच, आणि भर खेळात सुकलेलं पेन ज्याच्या हाती येतं तो तिथेच बाजूला पडतो. पेन्सिल देऊ नका. पेन्सिल दिली की खोडरबर मागितलं जातं, आणि खोडायला सुरुवात झाली की माणूस चित्र ‘नीट’ करत बसतो. रंगांची पेटीही नको, रंग निवडण्यातच वेळ जातो.

कागद. ए-फोर आकाराचे साधे 100 कागद पुरतात. त्यातले 24 मधोमध कापून अर्धे करा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या खेळाला माणशी एकेक अर्धा कागद होतो. अख्खे कागद दुसऱ्या आणि तिसऱ्या खेळासाठी. आणखी 24 कागदांना मध्यभागी पेन जाईल एवढं भोक पाडून ठेवा. त्यांचा उपयोग पुढे सांगते.

सावधान: कागद वाचवायचे म्हणून कार्यालयातले पाठकोरे कागद उचलू नका. त्यांच्या मागच्या बाजूला लाभार्थ्यांच्या याद्या, फोन नंबर, कधी आधार क्रमांकही छापलेले असतात, आणि हे कागद दिवसभर हातोहात फिरणार असतात. पाठकोरेच वापरायचे असतील तर एकेक उलटून बघा.

टेकू. मांडीवर कागद ठेवून रेघ निघत नाही. परीक्षेला नेतात ती पॅड 24 मिळाली तर उत्तम. नाहीतर जुन्या वह्यांचे पुठ्ठे.

बाकी. सुतळी, कपड्यांचे चिमटे, कागदी चिकटपट्टी आणि वेळ लावायला फोन.

शब्द. प्रत्येक खेळाची सूचना एका-दोन वाक्यांत लिहून काढा आणि घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा. ऐकल्यावर त्यांनी ‘म्हणजे नेमकं काय करायचं?’ असं विचारलं तर वाक्य बदला. ही तयारी सगळ्यात जास्त टाळली जाते. चुकीच्या सूचनेने अर्धे लोक एक करतात, अर्धे दुसरं, आणि ज्यांचं चुकलं ते पुढच्या खेळात हात आखडता घेतात.

मोठ्या खुर्चीतली माणसं. मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, संस्थेचे पदाधिकारी असं कोणी येणार असेल तर आधीच फोन करून सांगा: बसाल तर कागद-पेन घेऊन बसा, नाहीतर चहाच्या वेळी या. साहेब खुर्ची टाकून बघत बसले की सगळे त्यांना दाखवण्यासाठी चित्र काढतात.

तपासून पाहा: दिसत नसणारं कोणी आहे का? कोणाचा हात कापतो का? आधी फोनवर त्यांनाच विचारा की त्यांना काय सोयीचं आहे. बदल करायचा तो सगळ्या गटासाठी करा. आमच्या एका शिबिरात एका सहभागी ताईंना दिसत नव्हतं, तर आम्ही शेवटचा खेळ सगळ्यांनाच शाडूच्या मातीत करायला दिला. एकट्या माणसापुढे मातीचा गोळा ठेवला असता तर ओळख होण्याऐवजी वेगळेपणच ठसलं असतं.

## टप्पा 1: जागा आणि बसणं (खेळाच्या आधी)

टेबलं भिंतीला लावा. सतरंजीवर किंवा नुसत्या खुर्च्यांवर गोल करून बसवा. गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या हव्यात, पण मग त्या गोलातच, मागे वेगळ्या रांगेत नकोत.

डोक्यावरचा पंखा एक पायरी कमी करा, नाहीतर कागद सांभाळण्यातच माणसं गुंततात. उन्हाची खिडकी कोणाच्याही पाठीमागे येऊ देऊ नका. समोरच्याला त्या माणसाचा चेहरा काळाच दिसतो आणि दुसरा खेळ तिथेच बसतो.

फोटो काढणारे असतातच. सुरुवातीलाच सांगा की चहा होईपर्यंत फोटो नाहीत. आपलं वेडंवाकडं चित्र व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाणार या धास्तीने माणसं आखडतात.

तपासून पाहा: संख्या सम आहे ना? विषम असेल तर सहकाऱ्याला खेळात बसवा. तीन जणांची जोडी करू नका, तिसरा माणूस नेहमी बघ्या होतो.

## टप्पा 2: गिरगोटा (6 मिनिटं)

अर्धा कागद आणि पेन वाटा. सूचना: ‘डोळे मिटा. पेन टेकवा आणि मी थांबा म्हणेपर्यंत हात हवा तसा फिरवा.’ पाच सेकंदांत थांबवा. जास्त वेळ दिला की कागद काळा होतो आणि त्यात काही शोधता येत नाही.

आता प्रत्येकाने आपला गिरगोटा डावीकडच्याला द्यायचा. मिळालेला कागद आडवा, उभा, उलटा फिरवून बघायचा. त्यात काहीतरी दिसतं. कोंबडी, कढई, झोपलेला माणूस. जे दिसेल ते दुसऱ्यालाही दिसावं म्हणून जास्तीत जास्त तीन गोष्टी जोडायच्या: एखादा डोळा, पाय, शेपूट. तीनच. ही मर्यादा ठासून सांगा, कारण चांगलं चित्र काढणारे इथेच रमतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघायला लागतात.

मग ज्याचा गिरगोटा होता त्याला तो परत दाखवायचा: ‘मी अमुक, आणि तुमच्या कागदात मला बदक दिसलं.’ फक्त शेजाऱ्याला. पुढे येऊन नाही, उभं राहून नाही.

तपासून पाहा: खोलीत गलका झाला का? झाला तर पुढे चला. अजून शांतता असेल तर हाच खेळ उजवीकडच्याबरोबर पुन्हा घ्या. दोन मिनिटं जातात, पण शांत गटाला तसंच पुढे ढकललं तर पुढचा खेळ जास्त अवघड जातो, कारण त्यात एकमेकांकडे बघायचं असतं.

## टप्पा 3: कागदाकडे न बघता (12 मिनिटं)

सगळ्यात जास्त हशा याच खेळाला होतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

जोड्या करा. आपापल्या पसंतीने होऊ द्या, पण एक अट घाला: ज्याला आधीपासून ओळखता तो नको. जोडीतले दोघं समोरासमोर, गुडघ्यापासून हातभर अंतरावर. आता ते भोक पाडलेले कागद वाटा. पेन भोकातून वर घालायचं, म्हणजे कागद छत्रीसारखा मुठीवर बसतो आणि आपला हात काय करतोय ते आपल्यालाच दिसत नाही. या छत्रीशिवाय खेळ घेतला तर पाचातले तीन जण चोरून खाली बघतात.

सूचना शब्दशः अशी द्या: ‘पेन कागदावर टेकवा. नजर समोरच्याच्या कपाळावर ठेवा. नजर जशी चेहऱ्यावरून सरकेल तसं पेन सरकवा. खाली बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. दोघांनी एकाच वेळी काढायचं.’

एकाच वेळी, हे महत्त्वाचं. एक जण बसला आणि दुसऱ्याने त्याचं चित्र काढलं तर बसलेल्याला मिनिटभर कोणीतरी आपल्याला न्याहाळतंय असं होतं. दोघंही कामात असले की तो संकोच उरत नाही.

बरोबर 60 सेकंद. ‘थांबा’ म्हणा, छत्री काढायला सांगा आणि काही बोलू नका. एक डोळा कानाजवळ, नाक कागदाबाहेर, हनुवटी दोनदा. हसणं आपोआप येतं आणि ते दोघांच्या चित्रांना मिळून येतं. तुमच्या शेरेबाजीची तिथे गरज नसते.

हसू ओसरलं की चित्राखाली समोरच्याचं नाव लिहायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते?’ लग्नात नाव बदललेल्या, घरी बंड्या आणि बाहेर सर असलेल्या, आडनावाचीच सवय झालेल्या माणसांकडून इथे खूप काही ऐकायला मिळतं. जोडीला तीन-चार मिनिटं बोलू द्या. आवडतं नाव चित्राखाली मोठ्या अक्षरात. आडनाव लिहायचं नाही. आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर लोक मनातल्या मनात बरंच काही जुळवतात, पहिल्या तासात तरी ते नको.

सावधान: अनोळखी पुरुषाच्या चेहऱ्याकडे मिनिटभर बघणं अनेक बायकांना अवघड जातं, आणि गावच्या बैठकीत दुसऱ्यांदेखत तर फारच. तसं जाणवलं की चेहऱ्याऐवजी हात काढायला सांगा. समोरच्याने डावा पंजा गुडघ्यावर ठेवायचा, तोच न बघता काढायचा. मला आता हा पर्याय जास्त आवडू लागला आहे. हाताबद्दल माणसं सहज बोलतात. एका ताईंनी समोरच्या आशाताईंचा हात काढला आणि अंगठ्याजवळच्या रेघेपाशी पेन दोनदा अडलं. ‘हे काय?’ म्हणून विचारलं. विळीची खूण होती, लहानपणी नारळ खवताना झालेली. ती गोष्ट संपेपर्यंत दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होत्या.

सावधान: चित्रांवरून रंग, दात, जाडी, टक्कल यांवर कोणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. खेळाआधीच एक नियम सांगा: चित्रावर हसायचं, माणसावर नाही. तरी कोणी बोललंच तर तिथल्या तिथे, शांत आवाजात थांबवा.

## टप्पा 4: फिरता कागद (15 मिनिटं)

सहा-सहा जणांचे चार गोल करा. आत्तापर्यंतच्या जोड्या फोडा, म्हणजे प्रत्येक गोलात किमान चार नवे चेहरे मिळतील.

प्रत्येकाने कोऱ्या कागदाच्या तळाशी आपलं हाक मारायचं नाव लिहायचं. मग कागद उजवीकडे सरकवायचा आणि प्रत्येक सरकवण्याबरोबर मोठ्याने म्हणायचं, ‘हा सुनंदाताईंचा कागद.’ कागद ज्याच्या हाती येईल त्याने आधी सुनंदाताई कुठे बसल्या आहेत ते शोधायचं, त्यांच्याकडे बघायचं आणि फक्त सांगितलेला भाग काढायचा. क्रम असा:

1. चेहऱ्याचा आकार
2. डोळे आणि भुवया
3. नाक
4. तोंड आणि कान
5. केस

प्रत्येकाला 15 सेकंद. सहाव्यांदा सरकवलं की कागद मालकाकडे परत येतो. आता मालकाने स्वतः एक गोष्ट जोडायची: चष्मा, टिकली, मफलर, कानातलं. आणि गोलात तिच्याबद्दल एक वाक्य बोलायचं.

नावं पाठ होतात ती इथे. नाव वाचायचं, माणूस शोधायचा, चेहरा बघायचा, असं पाच वेळा झालं की पाच नावं बसतात. म्हणून मोठ्याने नाव घेण्याची अट सोडू नका. तिचा आणखी एक फायदा आहे: गटात कोणाला लिहिता-वाचता येत नसेल तर त्याला नाव वाचावं लागत नाही, ते ऐकूच येतं. अशा गटात नावाबरोबर प्रत्येकाने एक खूण काढावी, पान, चांदणी, काहीही.

काही जण सहांऐवजी दहा जणांचा गोल करतात आणि चेहऱ्याचे नऊ भाग पाडतात. शेवटच्या भागापर्यंत कंटाळा येतो. सहाच ठेवा. पाच जणांचा गोल झाला तर नाक आणि तोंड एकत्र करा.

तपासून पाहा: कागद परत आल्यावर पालथे घालून प्रत्येकाला गोलातली पाच नावं म्हणायला सांगा. कोणी अडलं तर शेजारी सुचवतात, ते चालतं. पण निम्मे लोक अडले तर तुम्ही घाई केली आहे. मग नुसती नावं घेत कागद एकदा गोल फिरवा, चित्र न काढता.

## टप्पा 5: स्टँडवरची खूण (20 मिनिटं)

आता स्वतःबद्दल. एव्हाना तीन वाकडी चित्रं काढून झालेली असतात, हात सैल झालेला असतो.

विषय नीट निवडा. ‘काहीही काढा’ म्हणालात की दोन डोंगर आणि सूर्य परत येतात. ‘माझं कुटुंब’, ‘माझं बालपण’, ‘आयुष्यातला आनंदाचा क्षण’ हे विषय पहिल्या दिवशी टाळा. कोणाच्या घरात नुकतं काय घडलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. एकदा अशा विषयावर एक ताई रडू लागल्या आणि मला पुढचा तास त्यांच्याजवळ बसावं लागलं. त्यांनी ते अनोळखी पंचवीस माणसांपुढे उघड करायचं ठरवलेलं नव्हतं, मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

मी हे विचारते: ‘तुमच्या गावी किंवा तुमच्या भागात एसटीतून, रिक्षातून उतरलो की पहिली कोणती गोष्ट दिसते? ती काढा.’ पाण्याची टाकी, पिंपळाचा पार, रसवंती, शाळेचं फाटक, बंद पडलेलं थिएटर. अर्धा कागद, चार मिनिटं.

घराची खूण विचारू नका, स्टँडचीच विचारा. गावात घर कुठल्या वस्तीत आहे हे कळलं की जातही कळते, आणि ज्याला ते सांगायचं नाही त्याच्यावर तुम्ही ते लादता. स्टँड सगळ्यांचा असतो.

मग चार-चारच्या गटात प्रत्येकाने दीड मिनिट बोलायचं. चित्र हातात धरून, बसल्या जागी. ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा, चित्रातल्या वस्तूबद्दल.

एका शिबिरात एका आजींनी पिठाची गिरणी काढली होती. चौकोन, त्यावर सुपासारखं काहीतरी आणि बाजूला दोन गोल, त्यांना जोडणारी आठच्या आकड्यासारखी रेघ. शेजारच्या मुलाने विचारलं, हे काय? ‘पट्टा. पीळ देऊन घातलेला,’ त्या म्हणाल्या. ‘तसाच असतो आमच्याकडे.’ गोलातल्या तिसऱ्या बाई पुढे सरकल्या. त्यांच्याही गावच्या गिरणीचा पट्टा तसाच होता. दोन मिनिटांत कळलं की दोघींची गावं एकाच एसटीच्या रस्त्यावर आहेत, मध्ये तीन थांबे.

सावधान: इथे सगळ्यांना एकेक करून पुढे बोलावण्याचा मोह होतो. 24 जण, दीड मिनिटाने, म्हणजे 36 मिनिटं. दहाव्या माणसानंतर कोणी ऐकत नाही, आणि उरलेले आपण काय बोलायचं याचीच जुळवाजुळव करत बसतात. चारच्या गटात हेच काम पंधरा मिनिटांत होतं.

## टप्पा 6: लगेच चहा

या खेळांनंतर व्याख्यान ठेवू नका. वेळापत्रकात चहा नेमका इथे टाका. सहकाऱ्याने चहाच्या टेबलाजवळ सुतळी बांधून ठेवलेली असावी. ज्यांना आपली चित्रं लावायची आहेत त्यांनी स्वतःच्या हाताने चिमट्याला अडकवायची, कोणाचाही कागद मागून घेऊ नका. कप हातात घेऊन माणसं दोरीजवळ रेंगाळतात आणि ‘ही टाकी कुठली?’ असं विचारत राहतात. फोटोची परवानगी आता, तीही ज्याचं चित्र त्याला विचारून.

## कोणी म्हणालं ‘मला चित्र येत नाही’ तर

प्रत्येक गटात दोन-तीन जण म्हणतात. ‘येतं हो तुम्हाला!’ असं म्हणू नका, त्याने माणूस आणखी आक्रसतो. ‘इथे कोणालाच येणार नाही असाच खेळ आहे, बघा’ एवढं म्हणून गिरगोट्याला सुरुवात करा. तरीही कोणी पेन हाती घेतलं नाही तर त्याला वेळ लावायचं काम द्या आणि पुढच्या खेळाला पुन्हा विचारा. बहुतेक वेळा फिरत्या कागदापर्यंत ते गोलात येतात. नाही आले तरी ठीक.

अंगणात रोज ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकाही हेच म्हणतात. त्यांच्या हातात स्केचपेन अनोळखी असतं. अशा गटात शेवटचा खेळ फरशीवर खडूने किंवा रांगोळीने घ्या. गेल्या वेळी आम्ही तसं केलं तर वीस मिनिटं पुरली नाहीत, चाळीस लागली आणि चहा थंड झाला.

आणि तुम्ही स्वतः नमुना काढून दाखवणार असाल तर न बघता काढलेलाच दाखवा. फळ्यावर सुबक चेहरा काढून ‘असं काहीतरी’ म्हटलं की पहिल्या तीन खेळांनी मोकळे झालेले हात पुन्हा बांधले जातात.

दोरीवरची चित्रं शिबिर संपेपर्यंत राहू द्या. शेवटच्या दिवशी नाव वाचून ज्याची त्याला द्या, आणि कोणाचं राहिलं तर ते पाकिटात घालून ठेवा. सफाई करणाऱ्या मावशींना ते आधीच सांगून ठेवा.